शिष्यवृत्ती कोणाची आणि विषय कोणाचा?

आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाला वा मुलीला संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली की सर्वांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, महिन्याला किती मिळणार? हा प्रश्न गैर नाही. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी पीएच.डी.पर्यंत पोहोचले आहे, त्या घरासाठी ही रक्कम म्हणजे खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि त्यातूनही वाचवून गावी आई-वडिलांना पाठवायचे चार पैसे असतात. परंतु त्यापुढचा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या पैशांतून अभ्यास कशाचा करायचा, हे कोणी ठरवले? आणि तो अभ्यास पूर्ण झाल्यावर त्याचा उपयोग कोणाला होणार आहे?

या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी आपल्यापासून फार दूर असलेल्या एका समाजाकडे पाहिले पाहिजे. तो समाज म्हणजे कुर्द. युरोप-अमेरिकेतील काही विद्यापीठांत आज ‘कुर्दी अभ्यास’ ही स्वतंत्र ज्ञानशाखा उभी आहे. ‘शांतता संशोधन’ ही तिच्या शेजारची दुसरी शाखा. दोन्ही शाखांत पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना फेलोशिप मिळतात. वरवर पाहता ही निव्वळ शैक्षणिक बाब वाटेल. पण या फेलोशिपच्या मागे बंदी घातलेली भाषा, ओस पडलेली खेडी, तुरुंगात गेलेले प्राध्यापक आणि देशोधडीला लागलेले विद्यार्थी आहेत. म्हणूनच आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने हा इतिहास समजून घेणे अगत्याचे आहे.

नावच नाकारलेला समाज

कुर्द लोक मुख्यतः तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेले आहेत. त्यांची संख्या तीन ते चार कोटींच्या दरम्यान मानली जाते. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये झालेल्या सेव्हरच्या तहात त्यांच्या स्वायत्ततेची आणि पुढे स्वतंत्र राज्याच्या शक्यतेची तरतूद होती. १९२३ च्या लोझानच्या तहात ती नाहीशी झाली. कागदावर जे मिळाले होते ते तीन वर्षांत कागदावरूनच पुसले गेले.

तुर्कस्तानात तर कुर्द नावाचा समाजच अस्तित्वात नाही, हे सारे ‘पहाडी तुर्क’ आहेत, असा सिद्धांत मांडला गेला. १९२४ पासून शाळांतून कुर्दी भाषा हद्दपार झाली. १९८० च्या लष्करी उठावानंतर १९८३ मध्ये २९३२ क्रमांकाचा कायदा आला. या कायद्याची भाषा पाहण्यासारखी आहे. तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांची जी पहिली अधिकृत भाषा असेल, ती सोडून अन्य कोणत्याही भाषेत विचार मांडण्यास वा प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई होती. कुर्दीचे नावही न घेता कुर्दीवर बंदी! ज्या भाषेचे अस्तित्वच मान्य नाही, तिच्यावर बंदी तरी कशी घालणार, ही अडचण कायदेपंडितांनी अशा रीतीने सोडवली. हा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. तरीही कुर्दी लिपीतील क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरे तुर्की वर्णमालेत नाहीत, एवढ्या कारणावरून २०१३ पर्यंत लोकांना त्रास देता येत होता. सीरियात १९६२ च्या एका जनगणनेने सुमारे एक लाख वीस हजार कुर्दांचे नागरिकत्वच काढून घेतले. नागरिकत्व नाही म्हणजे सरकारी नोकरी नाही, पासपोर्ट नाही आणि उच्च शिक्षणाची वाटही अडलेली.

मनुष्याला गुलाम ठेवायचे असेल तर आधी त्याचे ज्ञान काढून घ्यावे लागते, हे फुले-आंबेडकरी चळवळीला कोणी शिकवण्याची गरज नाही. कुर्दांच्या बाबतीत याच्याही पुढे जाऊन, त्यांच्याविषयीचे ज्ञान निर्माण करणे हाच गुन्हा ठरवण्यात आला.

अभ्यास होता, अभ्यासक परके होते

याचा अर्थ कुर्दांवर पूर्वी कोणी लिहिलेच नाही असा नाही. कुर्दी भाषेचे पहिले छापील व्याकरण १७८७ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाले. ते मॉरिझिओ गार्झोनी या इटालियन मिशनऱ्याने लिहिले. एकोणिसाव्या शतकात एर्झुरुम येथील रशियन वकिलातीतील ऑगस्ट झाबा यांनी मुल्ला महमूद बायझिदी या कुर्दी विद्वानाच्या साहाय्याने हस्तलिखिते गोळा केली. पुढे इराकवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांच्या राजकीय अधिकाऱ्यांनी कुर्दी टोळ्यांची बारकाईने नोंद केली. यांपैकी काहींचे काम मोलाचे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण मिशनऱ्याला धर्मप्रसार करायचा होता, वकिलाला आपल्या बादशहाला माहिती कळवायची होती आणि अधिकाऱ्याला कारभार हाकायचा होता. कुर्द माणूस या साऱ्या अभ्यासात माहिती देणारा होता. प्रश्न विचारणारा तो नव्हता.

ही स्थिती बदलायला विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. हद्दपारीत दमास्कसला राहणाऱ्या जलादत बदिरखान यांनी १९३२ मध्ये ‘हावार’ नावाचे नियतकालिक काढले. हावार म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक. कुर्दीची लॅटिन लिपी याच नियतकालिकातून रुळली आणि त्याचा पहिला अंक निघाला तो १५ मे हा दिवस आज कुर्दी भाषा दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९८३ मध्ये, म्हणजे तुर्कस्तानात भाषाबंदीचा कायदा झाला त्याच वर्षी, पॅरिसमध्ये कुर्दी इन्स्टिट्यूट स्थापन झाले. भौतिकशास्त्राचे अभ्यासक केंडाल नेझान आणि चित्रपट दिग्दर्शक यिल्माझ ग्युने यांच्यासारखे परागंदा कुर्द त्याच्या मागे होते. या संस्थेने ग्रंथालय उभारले, भाषेच्या शब्दसंपदेवर काम केले आणि महत्त्वाचे म्हणजे कुर्दी विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या. आपल्याच देशात ज्यांना आपल्या भाषेत लिहिता येत नव्हते, त्यांच्यासाठी परक्या शहरातील ही शिष्यवृत्ती म्हणजे श्वास घेण्याची जागा होती. इस्तंबूलमध्येही १९९२ मध्ये कुर्दी इन्स्टिट्यूट निघाले. त्याच वर्षी त्याच्या संस्थापकांतील ज्येष्ठ लेखक मूसा आंतेर यांची दियारबकीर शहरात गोळ्या घालून हत्या झाली आणि २०१६ च्या अखेरीस सरकारी हुकुमाने ती संस्थाच बंद करण्यात आली. पॅरिसची संस्था मात्र टिकली. यावरून परदेशातील आसऱ्याचे महत्त्व लक्षात यावे.

किंमत मोजणारे संशोधक

या ज्ञानशाखेचा सर्वांत मोठा ऋणको तुर्की राज्य असेल, तर सर्वांत मोठा धनको इस्माइल बेशिकची आहेत. १९३९ मध्ये जन्मलेले बेशिकची कुर्द नाहीत, ते तुर्क आहेत. लष्करी सेवेच्या निमित्ताने ते कुर्दी प्रदेशात गेले आणि सरकार सांगते ते खोटे आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. एर्झुरुमच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत असताना १९६९ मध्ये त्यांनी पूर्व अनातोलियाच्या समाजरचनेवर ग्रंथ लिहिला. नोकरी गेली, खटले सुरू झाले. त्यांच्या ३६ पुस्तकांपैकी ३२ पुस्तकांवर बंदी आली आणि आयुष्याची एकूण १७ वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. त्यांनी हातात बंदूक घेतली नव्हती. समाजशास्त्राने जे दिसते ते लिहावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. प्रस्थापितांच्या घरात जन्मूनही सत्याची बाजू घेणारा विद्वान कसा असतो, हे बेशिकचींकडे पाहून कळते.

दुसरे नाव अमीर हसनपूर यांचे. इराणमधील महाबाद येथे जन्मलेले हसनपूर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात शिकले. कुर्दी भाषेचे प्रमाणीकरण हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. हा प्रबंध इराणमध्ये लिहिता आला असता काय? तुर्कस्तानात लिहिता आला असता काय? पुढे त्यांनी कॅनडात टोरोंटो विद्यापीठात अध्यापन केले आणि २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरे उदाहरण चोमन हार्दी यांचे. त्यांचा जन्म १९७४ मध्ये इराकी कुर्दिस्तानातील सुलेमानिया येथला. लहानपणी दोन वेळा कुटुंबासह देश सोडावा लागला. १९९३ मध्ये त्या निर्वासित म्हणून ब्रिटनमध्ये पोहोचल्या आणि ऑक्सफर्ड, लंडन व केंट येथे शिकल्या. १९८८ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीने ‘अनफाल’ नावाच्या मोहिमेत कुर्दी खेडी उद्ध्वस्त केली, पुरुषांना नेऊन मारले. त्याच वर्षी १६ मार्चला हलबजा शहरावर विषारी वायू सोडला गेला आणि सुमारे पाच हजार माणसे मेली. या मोहिमेतून वाचलेल्या बायकांचे पुढे काय झाले, हे विचारायला कोणी गेले नव्हते. लेव्हरह्युम ट्रस्टच्या संशोधनवृत्तीवर हार्दी त्या बायकांपर्यंत गेल्या, त्यांचे ऐकले आणि २०११ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या समाजाची जखम, त्याच समाजातली बाई लेखणी घेऊन बसली. नंतर त्या सुलेमानियाला परत गेल्या आणि तेथील अमेरिकन विद्यापीठात त्यांनी स्त्री-पुरुष समतेच्या अभ्यासाचे केंद्र उभे केले. फेलोशिपचे चीज होणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

अशा संशोधनाने प्रत्यक्षात काय साधते, असे काही जण विचारतात. १९९१ च्या उठावात कुर्दांनी इराकी गुप्त पोलिसांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या तेव्हा त्यांच्या हाती दफ्तरांचे ढीग लागले. सुमारे १८ टन कागदपत्रे अमेरिकेत हलवण्यात आली. ‘ह्युमन राइट्स वॉच’च्या संशोधकांनी ती वाचली, वाचलेल्या माणसांच्या जबान्यांशी ताडून पाहिली आणि १९९३ मध्ये अनफाल हा वंशसंहारच होता, असा निष्कर्ष पुराव्यानिशी मांडला. २००५ मध्ये सद्दामला रसायने पुरवणाऱ्या एका डच व्यापाऱ्याला हेगच्या न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा सुनावली. अत्याचार करणारे कागद सांभाळून ठेवतात, कारण ते वाचणारा कोणी येईल अशी त्यांना भीती नसते. तो वाचणारा तयार करणे हे शिष्यवृत्तीचे काम आहे.

शांतता म्हणजे नेमके काय?

आता शांतता संशोधनाकडे वळू. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये ऑस्लो येथे शांतता संशोधनाची संस्था सुरू केली. १९६९ मध्ये त्यांनी ‘संरचनात्मक हिंसा’ ही संकल्पना मांडली. कोणी कोणावर शस्त्र उगारले नाही, रक्त सांडले नाही, तरी समाजाची रचनाच जर माणसाला उपाशी, अशिक्षित आणि अपमानित ठेवत असेल तर तीही हिंसाच होय, असे त्यांचे म्हणणे. युद्ध थांबले म्हणजे केवळ नकारात्मक शांतता झाली, अन्याय संपला तरच खरी शांतता आली. गाल्टुंग २०२४ मध्ये वारले. त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासावर गांधींचा प्रभाव होता. पण गावकुसाबाहेर आयुष्य काढलेल्या माणसाला संरचनात्मक हिंसा समजायला कोणत्याही ग्रंथाची गरज पडत नाही. त्याला फक्त त्या हिंसेचे शास्त्रीय नाव ऐकायचे बाकी होते.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात जगातील संघर्षांची एक विख्यात नोंदवही ठेवली जाते. तिच्यात एखादा वाद सशस्त्र संघर्ष म्हणून नोंदला जाण्यासाठी वर्षभरात लढाईत किमान २५ माणसे मरावी लागतात. मोजणीला काही तरी नियम हवा, हे खरे. पण मुलाला आईच्या भाषेत शाळा मिळाली नाही, माणसाचे नागरिकत्व गेले, बाईला विधवा म्हणून जगताना सरकारी दाखलाही मिळाला नाही, हे त्या नियमात बसत नाही. तुर्कस्तान आणि कुर्दिस्तान कामगार पक्ष यांच्यात १९८४ पासून सशस्त्र लढा चालला. चाळीस हजारांवर माणसे मेली. १९९० च्या दशकात तीन हजारांहून अधिक खेडी आणि वाड्या रिकाम्या करण्यात आल्या. पहिला आकडा युद्धाचा अभ्यासक मोजतो. दुसऱ्या आकड्यातली माणसे शहरांच्या कडेला झोपड्यांत कशी जगली, हे मोजायला त्यांच्यातलाच संशोधक लागतो.

सहीची शिक्षा

शांतता मागणाऱ्या संशोधकांचे काय होते, हे २०१६ मध्ये जगाने पाहिले. ११ जानेवारी २०१६ रोजी तुर्कस्तानातील ‘शांततेसाठी अकादमिक’ या गटाने एक निवेदन प्रसिद्ध केले. कुर्दी शहरांतील संचारबंदी आणि लष्करी कारवाई थांबवा, वाटाघाटी पुन्हा सुरू करा, या गुन्ह्यात आम्ही सहभागी होणार नाही, असा त्याचा आशय. सुरुवातीला १,१२८ जणांच्या सह्या होत्या, पुढे त्या दोन हजारांवर गेल्या. त्यांत नामवंत प्राध्यापक होते, तसेच नुकतीच पीएच.डी. करू लागलेली मुलेमुलीही होती. दहशतवादाचा प्रचार केल्याच्या आरोपाखाली आठशेहून अधिक जणांवर खटले भरले गेले. आणीबाणीतल्या हुकुमांनी शेकडो जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि नोकरीबरोबर पासपोर्टही रद्द झाले. म्हणजे परदेशातील विद्यापीठाने फेलोशिप दिली तरी विमानात बसता येईना! अखेर जुलै २०१९ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने या शिक्षांमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला.

जे बाहेर पडू शकले त्यांतील अनेकांना जर्मनीत ‘फिलिप श्वार्त्स’ यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या फेलोशिपने आधार दिला. या नावामागचा इतिहास विलक्षण आहे. श्वार्त्स हे ज्यू वैद्यकशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीतून ते निसटले आणि हाकलल्या गेलेल्या जर्मन विद्वानांसाठी त्यांनी संघटना उभी केली. त्या विद्वानांना त्या वेळी कोणी आसरा दिला? इस्तंबूलच्या विद्यापीठाने. १९३३ मध्ये जो देश जर्मन विद्वानांचा आश्रयदाता होता, त्याच देशातून पळालेल्या विद्वानांना २०१६ नंतर जर्मनीने आश्रय दिला. यावरून एकच गोष्ट शिकायची. कोणताही देश कायमचा उदार नसतो आणि कायमचा क्रूरही नसतो. म्हणून ज्ञानाचा आसरा एकाच दारावर अवलंबून ठेवणे धोक्याचे.

आणि आता पुढचा अंक पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुर्कस्तानातील सत्ताधारी आघाडीच्याच एका कडव्या राष्ट्रवादी नेत्याने तुरुंगातील कुर्दी नेते अब्दुल्ला ओजलान यांच्याशी बोलण्याची भाषा केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओजलान यांनी शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले. मे २०२५ मध्ये कुर्दिस्तान कामगार पक्षाने स्वतःचे विसर्जन जाहीर केले आणि ११ जुलै २०२५ रोजी सुलेमानिया भागात पहिल्या तुकडीने आपली शस्त्रे जाळली. त्यानंतर तुर्की संसदेने या प्रक्रियेसाठी समितीही नेमली. वाटाघाटी करा, असे म्हटल्याबद्दल २०१६ मध्ये प्राध्यापकांवर खटले भरले आणि ९ वर्षांनी सरकारच त्या वाटेने निघाले! हाकललेल्या सर्वांना त्यांच्या खुर्च्या परत मिळाल्या, असे मात्र झाले नाही. सत्ताधाऱ्यांना शांतता हवी असते तेव्हा ती मुत्सद्देगिरी ठरते. संशोधकाने तीच मागितली तर तो देशद्रोह ठरतो.

पैसा कोणाचा?

कुर्दी अभ्यासाचा पैसा येतो कोठून, हेही तपासले पाहिजे. इराकमधील कुर्दी प्रादेशिक सरकारने २०१० मध्ये आपल्या तरुणांना परदेशी एम.ए., पीएच.डी.साठी पाठवण्याची मोठी योजना सुरू केली. तिच्यासाठी वर्षाला १० कोटी डॉलर ठेवण्यात आले. पण २०१४ मध्ये बगदादने निधी अडवला, आयसिसचे आक्रमण झाले, तेलाचे भाव कोसळले आणि परदेशात गेलेल्या विद्यार्थ्यांचे पैसे रखडले. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात २००६ मध्ये कुर्दी अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात इराकचे माजी राष्ट्राध्यक्ष जलाल तालाबानी यांच्या नावाने अध्यासन झाले. यात वावगे काही नाही. समाजाने आपल्या अभ्यासासाठी आपला पैसा लावावा, हे योग्यच. परंतु ज्यांच्या नावाची पाटी दारावर आहे, त्यांच्या राजकारणाची चिकित्सा करण्याची मोकळीक आत बसलेल्या विद्यार्थ्याला आहे की नाही, हा प्रश्न विचारत राहिलेच पाहिजे.

कारण कुर्दी सत्ताही शेवटी सत्ताच आहे. मे २०१० मध्ये एर्बिल येथील विद्यापीठाच्या दारातून सरदश्त उस्मान या विद्यार्थी-पत्रकाराचे अपहरण झाले आणि दोन दिवसांनी मोसुलमध्ये त्याचा मृतदेह सापडला. त्याने सत्ताधारी घराण्यावर उपरोधिक लेखन केले होते. सरकारी चौकशीने एका अतिरेकी संघटनेवर ठपका ठेवला, पण त्याच्या कुटुंबाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही. शोषितांच्या नावाने आलेले राज्य आपोआप शोषितांचे होत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

कुर्दी समाजाच्या आतही पायऱ्या आहेत. जमीनदार आगा आहेत, धार्मिक शेख आहेत आणि त्यांच्याखाली राबणारी कुळे आहेत. मार्टिन व्हान ब्रुइनेसन या डच अभ्यासकाने १९७८ च्या आपल्या प्रबंधात याच रचनेचा वेध घेतला. २०१४ मध्ये ज्यांच्यावर आयसिसने सिंजार भागात वंशसंहाराची वेळ आणली, त्या यझिदी समाजात शेख, पीर आणि मुरीद असे तीन जन्माधिष्ठित गट आहेत आणि त्यांचे विवाह आपापल्या गटातच होतात. हे वाचताना आपल्या वाचकाला काय आठवेल, हे सांगायला नको. गटाबाहेर लग्न न करण्याच्या प्रथेतच जातीचे मूळ आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये मांडले होते. ते सूत्र हाती घेऊन एखाद्या आंबेडकरी विद्यार्थ्याने यझिदी समाजाचा अभ्यास केला तर युरोपियन अभ्यासकाला न सुचलेले प्रश्न तो विचारू शकेल. अर्थात यझिदी म्हणजे दलित आणि कुर्द म्हणजे बहुजन असे सोपे समीकरण मांडणे ही चूक ठरेल. त्यांचा इतिहास वेगळा, त्यांचा धर्म वेगळा. तुलना करायची ती समजून घेण्यासाठी, आपले लेबल त्यांच्यावर चिकटवण्यासाठी नको.

आपला प्रश्न

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांनी तरुण भीमरावांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षांची आणि बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या काळात भीमरावांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर लिहिले, भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर लिहिले आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. न्यूयॉर्कमध्ये बसून त्यांनी आपल्याच देशाची चिरफाड केली. शिष्यवृत्ती संपल्यावर १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले आणि १९२० मध्ये साठवलेले पैसे, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांवर ते पुन्हा गेले.

याच्या शंभर वर्षांनंतर, २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. अशा विषयांसाठी देशातच साधने आणि जाणकार आहेत, असा युक्तिवाद करण्यात आला. या नियमाचा अर्थ काय होतो? कोलंबियात बाबासाहेबांनी निवडले तसे विषय घेऊन कोणी गेला तर त्याला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. तो कुर्दांच्या दुःखावर प्रबंध लिहू शकेल, स्वतःच्या आईच्या दुःखावर नाही!

कुर्दांचा इतिहास या युक्तिवादाला सरळ उत्तर देतो. कुर्दांवरची साधने तुर्कस्तानात नव्हती काय? सगळी खेडी तिथेच होती, सगळे दफ्तर तिथेच होते. पण मोकळेपणाने लिहिण्याची जागा पॅरिसला, टोरोंटोला आणि एक्सेटरला सापडली. घरच्या विषयावर घराबाहेर बसून लिहिण्याची गरज का पडते, हे ज्याला घरात बोलू दिले जात नाही त्यालाच कळते. आणि हे निव्वळ परदेशाचे दुखणे नाही. इस्तंबूलच्या त्या निवेदनानंतर बरोबर सहा दिवसांनी, १७ जानेवारी २०१६ रोजी, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने जीवन संपवले. त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती.

म्हणून आपल्या तरुणांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या समाजावर, आपल्या इतिहासावर, जगात कोठेही बसून लिहिण्याचा हक्क सोडू नका. नियम बदलून घेण्यासाठी संघटितपणे लढा. दुसरी, दुसऱ्यांच्या दुःखाचा अभ्यास करण्याचा हक्कही सोडू नका. दलित विद्यार्थ्याने फक्त दलितांवरच लिहावे, जगाचे प्रश्न इतरांनी सोडवावेत, ही वाटणी कोणी केली? ब्रॅडफर्डला १९७३ पासून, उप्सालाला १९७१ पासून शांतता अभ्यासाचे विभाग आहेत. रोटरीच्या शांतता फेलोशिपमध्ये २००२ पासून जगभरातील विद्यार्थी शिकत आले आहेत. तिच्यात शिकवणीचे शुल्क, राहणे-जेवण आणि प्रवास यांचा खर्च दिला जातो, एम.ए.साठी काही वर्षांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. या फेलोशिपसाठी पुण्यातील एका विद्यापीठाचीही निवड झाली आहे. वस्तीत अभ्यासिका चालवणारा, अत्याचाराच्या घटनास्थळी सत्यशोधन समितीबरोबर जाऊन जबान्या लिहून घेणारा आपला कार्यकर्ता अनुभवात कमी पडत नाही. कमी पडते ती माहिती आणि अर्ज लिहायला बसवणारे कोणीतरी. चळवळीतल्या प्राध्यापकांनी, अधिकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे. दरवर्षी जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा परीक्षेच्या शुल्कासाठी, इंग्रजीच्या शिकवणीसाठी बाजूला काढला तर कोणाची हरकत असणार नाही.

आणि जो जाईल त्याने परत येताना हिशेब द्यावा. तो हिशेब सरकारच्या कचेरीत देण्याचा नव्हे. चोमन हार्दी अनफालच्या विधवांकडे गेल्या आणि शेवटी त्यांच्याच गावाशेजारी शिकवायला बसल्या. आपल्या पैकी जो कोणी उद्या उप्सालाला वा एक्सेटरला पोहोचेल, त्याने तिथे शिकलेले इथल्या समाजमंदिरात, इथल्या मराठीत, चार माणसांना बसवून समजावून सांगावे. कुर्दांविषयी सांगावे, यझिदींविषयी सांगावे आणि त्या अभ्यासातून आपल्या स्वतःच्या गावाविषयी त्याला काय नवे दिसले, तेही सांगावे.